उजेडाला धरलेलं आतडं

डुकराचं धुतलेलं आतडं स्तिपानने खिडकीच्या उजेडाला धरलं. भोक राहिलं तर त्यात भरलेलं कुलेन सॉसेज नासतं, म्हणून प्रत्येक आतडं तो असंच तपासायचा. यान्याने नवऱ्यापुढे दवाखान्यातून आलेली शौचतपासणीची नळी ठेवली. “मला काय धाड भरलीय? नर्सबाईंनी दाखवलेला रोगाचा नकाशा विसरलीस? त्यात आतड्याच्या कॅन्सरने तुझं माहेर लालभडक, आपलं गाव फिकट!” “माहेरी सगळे तपासून घेतात, म्हणून सापडतो. माझा भाऊ बघ, ठणठणीत झाला. इथे कुणी शोधतच नाही. तुझ्या दादाचं कळलं तेव्हा डॉक्टरांच्याही हातात काही उरलं नव्हतं.” स्तिपानने हातातलं आतडं खाली ठेवलं. “डुकराच्या आतड्याची एवढी काळजी,” ती हळूच म्हणाली, “माझ्या माणसाची नको?” त्याने हात पुसले, नळी उचलली आणि संडासाचं दार लावलं. “दाराशी थांबू नकोस!” “छे, मी कशाला?” म्हणत ती दाराला पाठ टेकून उभी राहिली.