बेटम्याचा तक्ता

"यामिनी, माझी निळी फाईल कुठे ठेवलीस?"

यामिनी स्वयंपाकघरात फोनवर होती. "हो आई, रुपालीच बोलतेय," ती म्हणाली. "नंतर करते मी. यांचा आज इंटरव्ह्यू आहे ना."

एरवी देवेंद्रला हसू आलं असतं. बारा वर्षांपूर्वी लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं 'यामिनी' हे नाव त्यानंच लिहिलं होतं, पण सासरवाडीला ते काही अजून पचलेलं नव्हतं. आज मात्र त्याला वैताग आला.

"अहो, पोहे तरी खाऊन जा. सेव घातलीय वरून."

"भूक नाहीये यार. फाईल दे."

फाईलमध्ये त्याचं सगळं आयुष्य होतं. एकेचाळीस शोधनिबंध. महूपासून मलेशियापर्यंत पसरलेले सहलेखक. आणि नऊशे बारा सायटेशन, म्हणजे इतर संशोधकांनी त्याच्या कामाचे दिलेले हवाले. त्यातले सहाशे एकट्या बेटम्याच्या निबंधाला होते. बेटम्याजवळच्या गावांतल्या गरोदर बायकांचा रक्तक्षय, दोनशे चौदा बायका, प्रत्येकीचा आकडा क्रमांकवार. या निबंधानं त्याला नाव दिलं, विमानप्रवास दिले, सहलेखक दिले. आज प्रोफेसरपदही तोच देणार होता.

अडचण एवढीच, की तो तक्ता त्याचा नव्हता.

मेडिकल कॉलेजच्या लायब्ररीत, वरच्या मजल्यावरच्या शेवटच्या कपाटात एक टाइप केलेला प्रबंध धूळ खात पडला होता. अंबिका मालोजी घोरपडे, १९९१. कधीच छापून न आलेला. देवेंद्रनं सालं तेवढी बदलली आणि तक्ता जसाच्या तसा उचलला.

तेव्हापासून अकरा वर्षं तो या बाईला इंटरनेटवर शोधत होता. आधी स्वतःचे हवाले मोजायचे, मग तिचं नाव टाकायचं, हा त्याचा रोजचा नेम. ना तिचा एक निबंध, ना दवाखाना, ना फोटो. बाई एमडी झाली आणि जणू नाहीशीच झाली. डॉक्टरकी सोडली असेल, किंवा हयातच नसेल, अशी त्यानं मनाची समजूत घातली होती. पण चोराच्या मनात चांदणं. अन्नपूर्णा भागातल्या घरापासून कॉलेजपर्यंत प्रत्येक सिग्नलला त्यानं मोबाइल काढून ते नाव पुन्हा टाकून पाहिलं. काही नाही.

कॉलेजात ऑफिसचे श्रीराम दारातच भेटले. "टेन्शन नका घेऊ भिया! इंटरव्ह्यू घ्यायला बाहेरून आल्यात ना मॅडम, डॉक्टर भानुमती जगदाळे, बडोद्याच्या, एकदम शांत बाई आहेत. सकाळपासून आपली लायब्ररी बघत होत्या."

देवेंद्र आत जाता जाता मागे वळला. "लायब्ररी? कशाला?"

"असंच. टाइमपास. गाडी जल्दी पोचली त्यांची."

तो जिन्याखाली गेला आणि घाईघाईनं मॅडमचं नाव शोधलं. दोनशेच्या वर निबंध, पहिला १९९५चा. पदकं, फोटो, भाषणं. सगळं काम हृदयविकारावर. रक्तक्षय नाही, बेटमा नाही. त्यानं श्वास सोडला, रुमालानं मान पुसली आणि आत गेला.

टेबलामागे तिघं होते. दोघं चहात गुंतलेले. मॅडमच्या हातात बेटम्याचा निबंध होता.

"घरोघर तुम्ही स्वतः गेलात, डॉक्टर?"

"हो मॅडम, बिल्कुल स्वतः. बाइकवर. रस्ता तर विचारूच नका."

मॅडम हसल्या. मग त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. "ही एकशे सतरा नंबरची. हिमोग्लोबिन चार पॉइंट दोन. बाप रे. हिचं काय झालं पुढे?"

तक्त्यात फक्त आकडा होता. पण देवेंद्र असल्या प्रसंगी डगमगणारा नव्हता. "वाचली मॅडम. तिला आम्ही इथे आणलं, रक्त दिलं. मुलगा झाला. आता चांगला मोठा झालाय, शाळेत जातो."

मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"मुलगा झाला," त्या म्हणाल्या. "छान."

त्यांचं बोट अजून त्याच ओळीवर होतं. चहाचे कप वाजले. देवेंद्र खुर्चीत सावरून बसला.

"आभारात कुणाचं नाव राहून गेलं नाही ना?" मॅडमनी मऊ आवाजात विचारलं. "राहतं कधी कधी. जर्नलला चार ओळींचं पत्र लिहिलं की जोडता येतं. मी स्वतः शब्द टाकीन. त्याचा आजच्या इंटरव्ह्यूवर परिणाम नाही होणार, हे मी सगळ्यांसमोर सांगते."

क्षणभर ते नाव त्याच्या जिभेवर आलं. अकरा वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी त्याला सुटायची वाट दाखवत होतं, आणि त्याला खरोखर सुटावंसं वाटलं. पण समोर निळी फाईल होती आणि फाईलमागे प्रोफेसरपद होतं. आणि ती बाई तर कुठेच नव्हती. मग कुणासाठी बोलायचं?

"नाही मॅडम. काम पूर्ण माझंच आहे."

"नक्की?"

"नक्की."

मॅडमनी मान हलवली. तेवढ्यात त्यांचा फोन थरथरला. "माफ करा हं," त्या इतर दोघांना म्हणाल्या, "माहेरचा फोन आहे. थोरले बंधू, ऐंशी पार केलीय त्यांनी. उचलला नाही तर घाबरून जातात."

देवेंद्र फाईल आवरू लागला. सकाळपासून पहिल्यांदाच त्याला भूक लागली होती. पोहे उरले असतील घरी.

"हो दादा," मॅडम फोनमध्ये म्हणाल्या, त्याच्याकडे बघत, "अंबिकाच बोलतेय."