उतरता आकडा

"अजून किती उरलं असेल?" खुर्चीत टेकायच्या आधीच बाईंनी विचारलं.

"आधी बसा तर," लॅबच्या ताई म्हणाल्या आणि त्यांनी बाईंच्या मांडीवरच्या पोरीचा इवलासा दंड हातात घेतला. वीस वर्षं त्या बाळांचं रक्त काढत होत्या. बाळापेक्षा आईलाच जास्त समजवावं लागतं, हे त्यांना पाठ होतं.

पोर दीड महिन्याची असल्यापासून या खेपा चालल्या होत्या. गरोदरपणात आईला एका परजीवी जंतूची लागण झाल्याचा रिपोर्ट फाइलीत पहिलाच होता. तो जंतू पोटातल्या बाळापर्यंत पोचला तर पुढे डोळ्यांवर, मेंदूवर बेततं. पोरीच्या रक्तात त्याच्याशी लढणाऱ्या अँटीबॉडी सापडल्याही होत्या. पण त्या तिच्या स्वतःच्या की आईकडून आलेल्या, हे लगेच कळत नाही. आईच्या असतील तर वर्षभरात विरून जातात. तोवर दर दोन महिन्यांनी मोजत राहायचं, दुसरं काही हातात नसतं.

पहिल्याच भेटीत ताईंनी हे उलगडून सांगितलं होतं. "घाबरू नका. बहुतेक हे तिचं नाहीच, आईचं आहे. पोटात असताना तुम्हीच बांधून दिलेली शिदोरी."

बाईंनी मान खाली घातली होती. "पण सगळं जाईल ना?" एवढंच त्या म्हणाल्या.

आकडा उतरत गेला. एकदा ताई सवयीनं बोलून गेल्या, की नाक अगदी आईवर गेलंय. हे त्या सगळ्यांनाच म्हणायच्या. पण बाईंचा चेहरा असा काही फुलला, की ताईच ओशाळल्या.

आज रक्त देऊनही बाई घरी गेल्या नाहीत. रिपोर्ट संध्याकाळी मिळेल म्हटलं, तरी बाकावरून हलल्या नाहीत. पोर दोनदा झोपून उठली. शेवटी ताई स्वतःच कागद घेऊन बाहेर आल्या.

"शून्य," त्या म्हणाल्या. "पोरगी ठणठणीत आहे. आईचं होतं ते सगळं गेलं."

बाईंना रडू आवरेना. ताईंचेही डोळे भरून आले. आता खुशाल घरी जा, असं सांगून त्या आत वळल्या.

बाईंनी पोरीला छातीशी घट्ट धरलं आणि त्या तिच्या कानाशी लागल्या.

"जिनं तुला जन्म दिला, तिचं आता काहीच उरलं नाही तुझ्यात. आता तू माझी."