दहा शेजारी

टोकियोत, ओजिमातल्या इमारतीत पुन्हा कचऱ्याची एक पिशवी वर्गीकरण न करताच टाकलेली सापडली, आणि रहिवासी मंडळाच्या ओकादा-सानांनी नोटीस लावली ती फक्त इंडियन घरांच्या दारांवर. जयंती इरेला पेटली. आज पिशवी उघडून गुन्हेगार शोधायचाच.

ती हातमोजे शोधत होती, तेव्हा तन्वीचं इतिहासाचं पाठांतर चाललं होतं. “जुन्या इंग्लंडात राजाच्या कायद्याने दहा-दहा शेजाऱ्यांचे गट केले होते. एकाने गुन्हा केला की बाकीच्यांनी त्याला कोर्टात हजर करायचं, नाहीतर दंड सगळ्यांना.”

“हा कुठला न्याय? करणार एक आणि भरणार नऊ?”

“राजा लांब असतो ना, आई. कोण कसं आहे ते शेजाऱ्यांनाच माहीत असतं.”

खाली जाऊन जयंतीने पिशवीची गाठ सोडली. बाटल्या, बॅटऱ्या, माशाचे काटे, आणि तळाशी जांभळ्या लोकरीचे तुकडे. तन्वीचा मफलर याच लोकरीचा. शेजारच्या मोरिता आजींनी विणून दिलेला. एकट्या राहणाऱ्या आजी हल्ली तन्वीचं नावसुद्धा विसरायच्या.

“कळलं का कुणाची आहे ते?” ओकादा-सान मागे येऊन उभे होते.

“आमच्या मजल्यावरची आहे,” जयंती वाकून म्हणाली. “यापुढे मी बघेन.” आणि तिथेच बसून तिने सगळा कचरा वेगळा केला.

वर आल्यावर तन्वीने विचारलं, “मग, गुन्हेगाराला हजर केलंस?”

“मीच हजर झाले,” जयंती हात धूत म्हणाली. “आणि उद्यापासून आजींची पिशवी आपण न्यायची.”