काकांची थंडी

चंद्रपुरात पारा चोपन्नावर होता. घरात वच्छलाकाकू मांडीवर स्वेटर घेऊन बसल्या होत्या.

“एसी बिघडलाय,” त्या मेकॅनिक विलासला म्हणाल्या. “पहिल्यासारखी थंडी पडत नाही. स्वेटर घालावाच लागत नाही.”

विलासने मशीन तपासलं. “बिघाड नाही काकू. घरात कोण राहतं, कोणाला किती थंडी हवी असते, हे मशीनच शिकतं. काकांना कडक थंडी हवी असायची. ते गेले, वर्ष झालं. आता मशीन फक्त तुमच्यापुरतं चालतं. यंदा एसीचा करार एका माणसाचाच करू, पैसेही निम्मे लागतील.”

“पण मी रोज त्यांचा सदरा घालून त्यांच्याच खुर्चीत बसते.”

“मशीन फसत नाही काकू.”

काकूंनी स्वेटरची घडी घातली. खोलीत त्यांना हवा तेवढाच गारवा होता, आणि तो त्यांना सोसवत नव्हता.