बारा तारीख

निकाल आज लागणार होता. दमयंती कुबड्या बाकाला टेकवून कोर्टात बसली. समोरच्या पडद्यावर प्रतिवादी होते, डॉक्टर केळुसकर. त्यांच्या एका इंजेक्शनाने तिचा पाय कायमचा अधू केला होता. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली होती. पण नव्या कायद्याने मेलेल्या प्रतिवादीचं मन निकाल लागेपर्यंत यंत्रात जपलं जाई, तारखेपुरतं जागं केलं जाई आणि निकालानंतर पुसलं जाई.

पलीकडे त्यांची बायको, शशिकलाबाई, मान खाली घालून बसली होती.

"जेवलीस का?" पडद्यावरून नेहमीचा प्रश्न आला.

"जेवले हो," ती म्हणाली. एरवी ती भाजीसुद्धा सांगायची. आज तिला पुढे बोलवेना.

सात वर्षं दमयंतीने त्या माणसाला मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या. ती वकिलाकडे वळली.

"पुढची तारीख मागा."

"अहो ताई, आपण जिंकतोय."

"म्हणूनच मागा."

जज्जसाहेबांनी नाराजीनेच बारा तारीख दिली.

"बारा तारखेला येते हं," शशिकलाबाई घाईघाईने पडद्याला म्हणाली, आणि पडदा विझला.

दमयंतीने कुबड्या उचलल्या. पाय कालच्याइतकाच दुखत होता.