हलकी पिशवी

एकोणीसशे शहाण्णव सालची गोष्ट. रजया शिवणाऱ्या मावशींना दम्याने बेजार केलं होतं. "हा हिवाळा इथे काढू नका," असं डॉक्टरांनी बजावलं, आणि मुलगा तर समुद्राकाठच्या उबदार शहरातच राहत होता. "आई, इथे थंडी नावालाही नसते. हलकी पिशवी घेऊन ये," तो म्हणाला. त्या आनंदात मावशींनी स्वतःची जाड रजई शेजारणीला देऊन टाकली.

निघायच्या आदल्या दिवशी शेजारणीकडे मुलाचा फोन आला. "आई, तुझी खोली हिवाळाभर भाड्याने दिली गं. याच दिवसांत इकडे पर्यटकांची झुंबड असते. तू उन्हाळ्यात ये ना!"

"बरं बाळा," म्हणत मावशींनी फोन ठेवला आणि चाचरतच शेजारणीकडे रजई परत मागितली.

"दिलेली वस्तू कुणी परत मागतं का, मावशी? आणि तुम्हाला काय, नवी शिवाल की!"

नवी शिवायला बसलं की धाप लागायची. ती अर्धीच राहिली. मावशी जानेवारीत गेल्या.

मुलगा पातळ शर्टावरच धावत आला. त्याला कुडकुडताना पाहून शेजारणीचा जीव कळवळला, आणि तिने आतून तीच रजई आणून त्याच्या अंगावर घातली.