शीळ वाजली की गप्प

गाणं चालू.

चिमीच्या पायाला लाल रिबीन बांधलेली. मागच्या आठवड्यात तिचं दुसरं टोक वर टांगलेल्या लाकडी माशांना होतं. पाय झाडला की मासे नाचायचे. तीन महिन्यांच्या पोरीला ही गंमत प्रयोगशाळेतल्या याच पाळण्यात, याच गाण्यावर कळली होती. आज रिबीन माशांना जोडलेली नव्हती. तरी गाणं लागताच चिमी पाय झाडू लागली.

दुसरं गाणं.

पाय मंदावले. सैल, बिनकामाचे हलत राहिले. ती अंगठा शोधू लागली.

"विसरली," सहायक हसला. "मॅडम, तुमची लेक असून इतर पोरांसारखीच निघाली. गाणं गेलं, आठवण गेली."

"घरची म्हणून सूट नाही," आई म्हणाली. तान्ह्या पोरांना काय आठवतं, हा प्रयोग तिचाच होता.

बाळंतपणानंतर ती कामावर परत रुजू झाल्यापासून दिवसभर चिमी बाबाजवळ असायची. दुपारी आई फोन करायची. पलीकडे बाबाची शीळ, नेहमीचीच धून. रडण्याचा मागमूस नाही. "शीळ घातली की गप्प," तो सांगायचा. "माझ्या हाताला गुण आहे." शेजारणी म्हणायच्या, नवरा असावा तर असा. आई निर्धास्त होऊन माशांकडे वळायची. तिच्या कामाची मात्र तो थट्टा करायचा. एवढ्याशा जिवाला कसलं आलंय आठवणं?

पुन्हा पहिलं गाणं. पुन्हा पाय. जोरात, आनंदाने.

मग

शीळ.

व्हरांड्यातून. बाबा न्यायला आला होता. गाणं चालूच होतं, पण चिमीचे पाय थांबले.

"घ्या, शिळेने घोटाळा केला," सहायक म्हणाला. "परत विसरली."

आई पाळण्यावर वाकली. विसरलेले पाय तिने शेकड्यांनी पाहिले होते. ते सैल असतात. हे पाय पोटाशी ओढलेले होते. पायांची बोटं आवळलेली, ओठ घट्ट मिटलेले, डोळे दाराकडे. छाती हलत नव्हती.

"नाही रे," ती म्हणाली. "तिला आठवतंय."

"काय?"

आईने गाणं बंद केलं.

दारावर टकटक झाली. "आटपलं का? आमची शहाणी बाई रडली तर नाही ना?" उत्तराची वाट न बघता शीळ पुन्हा सुरू झाली. नेहमीचीच धून.

आई दारापाशी गेली. तिने आतून कडी घातली.

कडीचा आवाज बाहेर गेला असावा. शीळ मध्येच तुटली.

आणि मग, कितीतरी वेळ आत धरून ठेवलेलं काही सुटावं तशी, चिमी रडली.